आई गेल्यावर: नेत्रदान, दाखला आणि पप्पांची पेन्शन

११ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे साडेचारच्या सुमारास आई घरीच गेली. दोन वर्षांपासून हृदय थकलं होतं, शेवटचा महिना ऑक्सिजनवर होती. अनपेक्षित नव्हतं, तरी हातपाय गळायचे ते गळालेच. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत जे जे करावं लागलं ते इथे लिहून ठेवते आहे. निवृत्त सरकारी कर्मचारी गेला आणि म्हातारा जोडीदार मागे राहिला, अशी घरं पुष्कळ आहेत. आणि कोणता कागद कुठे लागतो हे आम्हाला प्रत्येक वेळी खिडकीसमोर उभं राहिल्यावरच कळत होतं.

आई नर्स होती. मिरजेला वॉनलेस हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकली आणि मग सरकारी नोकरीत लागली. अधिपरिचारिका म्हणून सुरुवात, परिसेविका म्हणून २००६ साली निवृत्ती. पण गावात ही पदं कोणाच्या तोंडी नसायची, सगळ्यांना ती ‘सिस्टरबाई’च. निवृत्तीनंतरही घरात बीपीचं मशीन आणि ड्रेसिंगचं सामान कायम तयार. रविवारी चर्च सुटलं की आवारातल्या बाकावर तिची वेगळी ओपीडी भरायची. साखर किती, पायाला सूज आहे का, गोळी चुकवली का, आणि चुकवली असेल तर सगळ्यांच्या देखत बोलणी.

नेत्रदान

तिनं सांगून ठेवलं होतं आणि आम्हाला दोघा भावंडांना पाठ करायला लावलं होतं. मी गेले की आधी पंखा बंद करा, पापण्या मिटवा, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि मग रडायला बसा. नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून पाच वाजताच फोन केला. पलीकडच्या माणसानं वय, वेळ आणि आजार विचारले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं आणि मधुमेहही होता. त्यानं काही बिघडत नाही, असं तो म्हणाला. (चष्मा असला तरी चालतो. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला असणं, अशा वेळी मात्र घेत नाहीत.)

टीम यायच्या आत घरी डॉक्टर येऊन मृत्यू झाल्याचं लिहून देणं गरजेचं असतं. आईला तपासणारे डॉक्टर जवळच राहतात, ते साडेसहाला आले. त्यांच्याकडून त्याच वेळी मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखलाही घेतला. घरी मृत्यू झाला तर तो नमुना ४अ मध्ये असतो आणि शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरनंच द्यायचा असतो. हा कागद नंतर मागायला गेलं की डॉक्टर गावाला गेलेले असतात, हे शेजारच्या घरात पाहिलं होतं.

साडेआठच्या सुमारास दोघं जण आले. तिनं संकल्पपत्र भरलेलं होतं, पण सही लागते ती जवळच्या नातेवाईकाची. संकल्पपत्र नसतं तरी पप्पांच्या संमतीवर काम झालं असतं. उलट संकल्पपत्र असून घरच्यांनी नाही म्हटलं, तर कोणी जबरदस्ती करत नाही. पप्पांनी सही केली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, रक्ताचा नमुना घेतला. खोलीचं दार लावून वीस मिनिटांत ते बाहेर आले. चेहरा होता तसाच, पापण्या मिटलेल्या. ज्यांना चेहरा विद्रूप होण्याची धास्ती असते त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. खर्च शून्य.

चर्चच्या मंडळीतल्या एका बुजुर्गांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “पुनरुत्थानाच्या दिवशी शरीर पुरं नको का?” हा प्रश्न आईला तिच्या हयातीतच कोणीतरी घातला होता, त्यामुळे उत्तर माझ्याकडे तयार होतं. ती म्हणाली होती, “ज्यानं मातीतून माणूस केला त्याला माझ्या बुबुळांवाचून अडेल होय?” बुजुर्ग हसले नाहीत, पण पुढे काही बोललेही नाहीत.

दफन

भाऊ मस्कतला असतो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होता, म्हणून फ्रीझरची पेटी भाड्यानं आणली. दिवसाला तीन हजार, नेण्या-आणण्याचे वेगळे. विजेचा लोड आणि लोडशेडिंगची वेळ आधी बघून ठेवा. आमच्याकडे मंगळवारी दुपारी वीज गेली आणि समोरच्या चाचींच्या घरच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढावी लागली.

शवपेटी गावातल्याच सुतारानं रात्रीतून करून दिली, नऊ हजार. कबर खोदायला साडेतीन हजार. आमच्या दफनभूमीत वर हातभर माती आणि खाली मुरूम आहे, उन्हाळ्याच्या तोंडाला तो दगडासारखा होतो, म्हणून खोदणाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगावं लागतं. दफनभूमीच्या कमिटीची पावती सांभाळून ठेवायची, मृत्यूनोंदणीला ती लागते. पप्पांना शेजारची जागा राखून हवी होती. तशी सोय आमच्याकडे नाही, आधी येईल त्याला आधी. हे सांगायचं काम माझ्यावर आलं. पप्पा म्हणाले, “मग मला घाई करायला पाहिजे.” असे विनोद ते आईच्या धाकानं करत नसत.

बुधवारी दुपारी दफनविधी झाला. घरात चूल पेटली नाही; दोन दिवस गल्लीतून डबे येत होते, आणि कोणाचा डबा कोणता याची यादी भावजयीनं ठेवली म्हणून निभावलं. तुम्हीही कोणाला तरी हे काम नेमून द्या. महिनाभर आमच्याकडे दुसऱ्यांची पातेली आणि आमची दुसऱ्यांकडे, असं होतं.

मृत्यूचा दाखला

नोंद २१ दिवसांच्या आत केली तर सोपी. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क पडतं, त्यापुढे परवानगी लागते. आम्ही शुक्रवारी, १४ तारखेला नगरपालिकेत गेलो. नमुना ४अ, दफनाची पावती, आईचं आणि पप्पांचं आधार आणि एक साधा अर्ज.

इथे एक गोष्ट महत्त्वाची. दाखल्यावर नाव कसं हवं ते आधी पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, समोर ठेवून ठरवा. आईच्या कागदांत कुठे माहेरचं आडनाव, कुठे सासरचं, कुठे मधलं नाव गाळलेलं. मी पीपीओवरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय ते पाहून तेच लिहिलं आणि कारकुनाला पडद्यावर वाचून दाखवायला सांगितलं. एकदा छापल्यावर दुरुस्ती करायची तर पुन्हा पुरावे, पुन्हा अर्ज. आठवड्यानं क्यूआर कोड असलेला दाखला मिळाला. जास्तीच्या प्रती तिथेच मागून घ्या, फी किरकोळ असते, आणि मूळ प्रत पाहिल्याशिवाय न हलणारी खिडकी कुठेतरी भेटतेच.

बँक

फारसं काही नाही. पेन्शनच्या खात्यात पप्पांचं नाव होतं, ‘दोघांपैकी एक किंवा हयात असलेला’ अशी सूचना होती. लेखी कळवलं, पोच घेतली. एवढंच सांगते की व्यक्ती गेल्यानंतर त्या खात्यात पेन्शन जमा झालीच तर ती खर्च करू नका. मृत्यूच्या दिवसापर्यंतची रक्कम आपली, पुढची सरकारची, आणि ती वळती होतेच. आमच्या ओळखीत एकांनी एटीएमनं पैसे काढत राहून नंतर हप्त्यानं परतफेड केली.

कुटुंब निवृत्तिवेतन

पत्नी सरकारी नोकर होती आणि पती मागे राहिला, तर पतीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. ‘बायकोची पेन्शन नवऱ्याला कशी?’ असं आम्हाला शिकल्यासवरलेल्या माणसांनी विचारलं. मिळते. शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावर महागाई भत्ता, मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून. निवृत्त होताना अंशराशीकरण केलं असलं, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतला असला, तरी त्याची वजावट यातून होत नाही.

कोषागारात द्यायचे कागद असे: अर्ज, पीपीओची आपल्याकडची प्रत, मृत्यूचा दाखला, पप्पांचं आधार आणि पॅन, पासबुकची पहिल्या पानाची झेरॉक्स, फोटो, नमुना सह्या, ओळखीच्या खुणा, आणि जादा रक्कम जमा झाल्यास परत करू असं हमीपत्र. पीपीओवर जोडीदाराचं नाव आणि दोघांचा एकत्र फोटो आधीच असेल तर काम तिथल्या तिथे होतं. आईनं निवृत्तीच्या वेळी स्टुडिओत काढलेला फोटो होता. पप्पा टायमध्ये, आई ड्युटीवर जायची ती पांढरी साडी नेसून.

अडलं ते नावापाशी. पीपीओवर पप्पांचं बाप्तिस्म्याचं नाव, आधारवर आणि पॅनवर शाळेतलं नाव. शिवाय पीपीओवर त्यांच्या जन्मतारखेची जागा कोरी. जन्मतारीख महत्त्वाची, कारण ८० वर्षं पूर्ण झाली की निवृत्तिवेतनात अतिरिक्त वाढ मिळते. पप्पा त्या वेळी ७९ वर्षांचे होते. खिडकीवरच्या बाईंनी नीट समजावून सांगितलं: दुरुस्ती कोषागाराच्या हातात नाही, आई जिथून निवृत्त झाली त्या कार्यालयानं प्रस्ताव करायचा, तो महालेखापालांकडे मुंबईला जाणार, तिकडून दुरुस्तीचं पत्र येणार.

मग पुरावे जमवणं आलं. पप्पांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. लग्न १९७३ सालचं, मिरजेच्या चर्चमध्ये झालेलं. तिथल्या पाळकसाहेबांनी विवाह नोंदवही काढून उतारा दिला, त्यात सुदैवानं पप्पांची दोन्ही नावं होती. बाप्तिस्म्याच्या नोंदीचाही उतारा घेतला. चर्चमध्ये लग्न झालेल्यांनी हा उतारा आताच काढून ठेवावा. जुन्या वह्यांची पानं हात लावला की तुटतात, आणि सगळ्याच ठिकाणी त्या शाबूत असतील असं नाही.

दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्रही लागलं. एका टेबलावर सांगितलं की पाचशेच्या मुद्रांकावरच हवं. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला १ जुलै २००४ च्या आदेशानं मुद्रांक शुल्क माफ आहे. मी त्या आदेशाची प्रत दाखवली, तेव्हा साध्या कागदावरचं चाललं. टायपिंग आणि नोटरीचे मिळून तीनशे गेले. प्रत दाखवताना आवाज चढवू नका. पुढचं सगळं काम त्याच टेबलावर असतं.

सेवापुस्तक

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आईच्या जुन्या रुग्णालयाच्या आस्थापना शाखेत गेले. तिथला लिपिक नवा होता, पण शिपाईमामांनी आईचं नाव ऐकताच खुर्ची पुसून दिली. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झालेल्या माणसाचं सेवापुस्तक सापडायला वेळ लागणार हे गृहीत धरलं होतं. सांगितलेल्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा ते कपाटावरच्या गठ्ठ्यातून निघालं होतं, कडा वाळवीनं कुरतडलेल्या, आतलं सगळं शाबूत.

पहिल्या पानावर डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. उंची पाच फूट एक इंच. ओळखीची खूण: उजव्या भुवईवर व्रण. तो व्रण कशाचा हे मी कधी विचारलं नव्हतं. पप्पांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. लग्नाच्या आधीचा, एवढंच म्हणाले.

लिपिक प्रस्तावाला लागणारी पानं शोधत होता आणि मी बाकीची वाचत होते. माझ्या जन्माच्या वेळची प्रसूती रजा माझ्या जन्मतारखेपासूनच सुरू झालेली आहे. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत ती कामावर होती, आणि तिचा वॉर्ड तेव्हा बाळंतपणाचाच. पुढे १९९३. ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, आणि ४ ऑक्टोबरपासून ‘उमरगा येथे प्रतिनियुक्तीवर’ अशी नोंद. मी तेव्हा कॉलेजला होते. माझ्या आठवणीत ती आठ-दहा दिवस नव्हती. नोंदीप्रमाणे सव्वा महिना. आठवतं ते एवढंच की परत आल्यावर दिवाळी होऊन गेली तरी ती अंगणात खाट टाकून झोपायची, आणि थंडी पडली तेव्हा पप्पांनी दुसरी खाट शेजारी टाकली. घरात त्यावर चर्चा झाल्याचं स्मरत नाही.

मी त्या पानांच्या झेरॉक्स मागितल्या. त्याच सुमारास पाळकसाहेबांनी स्मरण उपासनेत वाचायला आईचं जीवनवृत्त मागितलं होतं, दोन पानी. अशा लिखाणात ‘प्रेमळ, प्रार्थनाशील, कष्टाळू’ हे तीन शब्द ठरलेले असतात आणि ते कोणाच्याही नावापुढे बसतात. मला ते नको होते. सेवापुस्तकातल्या तारखा घेतल्या आणि एकेका तारखेबद्दल तिच्याबरोबर काम केलेल्या बायकांना फोन केले. एकीनं ड्युटीच्या अदलाबदलीचं सांगितलं. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या नाइट आई मागून घ्यायची, ईदची एखादी सकाळ कोणाला तरी द्यायची, आणि बदल्यात २४ डिसेंबरची रात्र अन् नाताळचा दिवस तिला मोकळा मिळायचा. गुड फ्रायडे मात्र कधी मागून घेतला नाही, म्हणाल्या. त्या दिवशी ती ड्युटीवरच असायची आणि दुपारच्या तीन तासांत, येशू क्रुसावर होता म्हणतात त्या वेळात, वॉर्डात फिरत राहायची. दुसऱ्या एकीनं सांगितलं की आई रागीट होती, हाताखालच्या मुलींना रडवायची, आणि सुई उकळायच्या काळातल्या तिच्या शिस्तीमुळे तिच्या वॉर्डात गळवं होत नसत. दोन्ही वाक्यं जीवनवृत्तात घातली. ‘रागीट’ काढावं असं भावाचं मत पडलं. पप्पा म्हणाले, राहू दे.

२२ मार्चला स्मरण उपासना झाली. चर्चमध्ये निम्मी माणसं मंडळीतली, निम्मी गावातली. समोरच्या चाची पहिल्या बाकावर. २०१९ च्या महापुरात आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पूरग्रस्त राहिले होते, तेव्हा सत्तरी ओलांडलेली आई रोज सकाळी लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणारा ताप टाळायच्या, गोळ्या वाटायची. गोळी तिच्यासमोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं. त्या वेळी तिथे राहिलेला एक रिक्षावाला उठून उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांसमोर तोंड उघडून दाखवलं. चर्चमध्ये एवढं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. जीवनवृत्त लिहायचं काम तुमच्यावर आलं तर घरच्यांना विचारू नका, बरोबर काम केलेल्यांना विचारा. चहाचा खर्च अकरा हजार झाला, तो महिला मंडळानं परस्पर भागवला आणि पावती दाखवायला साफ नकार दिला.

वाट पाहणं

प्रस्ताव मार्चअखेर मुंबईला गेला. मार्चअखेर हे शब्द सरकारी कामात ऐकले की समजायचं, एप्रिलच्या मध्यापर्यंत फोन करण्यात अर्थ नाही. जावक क्रमांक आणि तारीख मात्र लिहून घ्या, नंतरची प्रत्येक चौकशी त्याच आकड्यावर होते. या काळात पप्पांना पैशांची अडचण नव्हती, कारण त्यांचं थोडं भाडं येतं. पण स्वतःच्या उत्पन्नाशिवाय बसलेल्या एखाद्या बाईचं या तीन-चार महिन्यांत काय होत असेल, हा विचार येत राहिला. घरात दोन-तीन महिन्यांचा खर्च जोडीदाराच्या एकट्याच्या नावावर बाजूला असावा.

रिकाम्या वेळात बाकीचं उरकलं. मतदार यादीतून नाव कमी करायला नमुना ७, रेशनकार्ड, गॅस. गॅसचं कार्ड आईच्या नावावर होतं आणि पप्पांना सिलिंडर नोंदवता येत नव्हता, त्यामुळे ते सगळ्यात आधी करायला हवं.

दुरुस्तीचं पत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. कोषागारात पप्पांना स्वतः न्यावं लागलं. सही, अंगठा, फोटोशी चेहरा जुळवणं. ओळखीची खूण विचारल्यावर ते गडबडले, मग हनुवटीवरचा तीळ दाखवला. तळमजल्यावर बसायची सोय होती आणि आजारी माणसाला वर चढवत नाहीत, कर्मचारी खाली येतात. आधी विचारून घ्या. जुलैच्या सुरुवातीला १२ फेब्रुवारीपासूनची थकबाकी एकत्र जमा झाली. पप्पांनी त्यातले काही पैसे दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणून काढले, आई दर महिन्याला काढायची तसे, आणि पाकिटावर तिचंच नाव लिहिलं. खजिनदारांनी पावती कोणाच्या नावानं फाडू असं विचारलं. दोघांच्या, असं ठरलं.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला. आता तो दरवर्षी पप्पांना द्यावा लागेल. बँकेतल्या यादीत नाव शोधून सही केली की झालं, मोबाइलवरूनही होतो, पण पप्पांना बँकेत जायचंच होतं.

कबरीचा दगड तेवढा राहिला आहे. फरशीवाल्यानं काळ्या ग्रॅनाइटचे अठरा हजार सांगितले आहेत, अक्षरं कोरण्याचे वेगळे. मे महिन्यातच बसवून घ्यायचा भावाचा विचार होता, तो कबर खोदणाऱ्यांनी मोडून काढला. भरलेली माती किमान एक पावसाळा बसू द्यावी लागते, नाहीतर दगड एका अंगाला कलतो आणि पुन्हा उचलून बसवायला तेवढाच खर्च येतो. आता पाऊस सरला आहे, माती चांगली वीतभर खाली गेली आहे. भाऊ नाताळला आला की बसवू.